सलामीचा सामना आणि माझी काळी जीभ

आमच्या हॅल्स्टन गावात दोन गोष्टी दर वर्षी न चुकता होतात. ऑगस्ट सरता सरता मक्याला कणसं भरतात, आणि मी चुकतो.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या पहिल्या सामन्याचं भाकीत गावच्या साप्ताहिकात मी लिहितो. हा सामना नेहमी परगावी असतो, कारण तेव्हा आमचं मैदान काउंटीच्या जत्रेकडे असतं आणि गोलखांबांना कुणीतरी खेचरं बांधून ठेवलेली असतात. गेली अकरा वर्षं मी लिहीत आलो की आपण जिंकणार, आणि अकराही वेळा आपण हरलो. एका वर्षी मी लिहिलं, ‘आपला बचाव म्हणजे भिंत आहे.’ त्या शनिवारी आम्ही सेहेचाळीस-शून्य असे हरलो. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पास्टरनी भिंतींवरच प्रवचन दिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, असं माझी बायको आर्लिस अजूनही म्हणते.

कॉलेजची मुलं आमचं साप्ताहिक वाचत नाहीत, पण गाव वाचतं. त्यामुळे गावात मी काळ्या जिभेचा ठरलो.

यंदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ऑरिन ट्वेट आमचा कोच. तो आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलेले. विश्वस्तांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, की यंदा सलामी हरलात तर सोमवारी किल्ल्या आणून द्या. ऑरिनला दुसरं काही येत नाही. लग्नाच्या जेवणातसुद्धा तो मीठदाण्या मांडून डावपेच समजावतो.

मी दाढीला गेलो तेव्हा मायलो न्हाव्याने वस्तरा माझ्या गळ्याला लावला आणि मग विषय काढला.

“व्हर्लिन, यंदा लिही की आपण हरणार.”

“पण मायलो, यंदा मला खरंच वाटतंय की आपण जिंकू.”

त्याचा हात थांबला. “अरे देवा. मग तर संपलंच.”

घरी येऊन मी आर्लिसला सांगितलं. ती म्हणाली, “कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, झालं. तुझ्या लिहिण्याने संघ हरत असता तर तुझ्या लिहिण्याने आपल्या अंगणातलं गवतही कापलं गेलं असतं. एवढा मोठा नाहीयेस तू.” मग रुबार्ब घालून भाजलेल्या गोड ‘पाय’चा तुकडा माझ्यापुढे सरकवत हळूच म्हणाली, “तरी पण, हरणार असं लिहिलंस तर तुझं काय जातंय?”

शेवटी मी ऑरिनलाच विचारायला सरावावर गेलो. तो शिटी चघळत उभा होता.

“नेहमीचंच लिही,” तो म्हणाला.

“लोक म्हणतात...”

“लोकांना जाऊ दे रे. तू नेहमीचंच लिही.”

मला वाटलं, बिचारा भिडेखातर बोलतोय. मी म्हणजे उंटावरचा शहाणा. घरी आलो आणि मित्राची नोकरी वाचवायला बसलो. लिहिलं, ‘रिजली कॉलेज आपल्याला तीस गुणांनी लोळवणार. आपला किकर टेट ऑस्ट्रँडर याचा पाय उत्तम आहे, फक्त तो आणि चेंडू यांची अजून ओळख झालेली नाही.’ गुरुवारी अंक निघाला. मायलोने भर रस्त्यात मला मिठी मारली. एवढा मान मला अकरा वर्षांत मिळाला नव्हता, आणि तो मी चवीने घेतला.

शनिवारी एकशेऐंशी मैल गाडी हाकत मी रिजलीला गेलो. अंक खिशात होता. सामन्याला चार सेकंद उरले तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो. टेट चाळीस यार्डांवरून किक मारायला आला; चेंडू दोन खांबांमधून गेला तर तीन गुण. पत्रकारांच्या खोलीत मी टेबल घट्ट धरून बसलो होतो. चेंडू डाव्या खांबावर आपटला, क्षणभर विचारात पडल्यासारखा हवेत राहिला आणि आत पडला. आम्ही एका गुणाने जिंकलो. शेजारच्या रिजलीच्या पत्रकाराच्या कॉफीवर माझी टोपी पडली, तरी मला पत्ता नव्हता.

ऑरिनची नोकरी वाचली, आणि ती मी वाचवली, असं मनात म्हणत मी लॉकर रूममध्ये शिरलो.

आत भिंतीवर चिकटपट्टीने कात्रणं लावली होती. पिवळी पडलेली, एकूण अकरा. सगळी माझी.

टेट डोकं पुसत जवळ आला. “सर, हे लिहिणारे तुम्हीच ना? कोच रोज सराव संपला की यातलं एक वाचून दाखवायचे. त्या भिंतीवाल्याला तर आम्ही पोट धरून हसलो.”

“हसणारच,” मी म्हणालो.

“मग कोच म्हणायचे, या माणसाला आपण अकरा वर्षं तोंडघशी पाडलंय, तरी दर ऑगस्टला हा परत लिहितो की आपण जिंकणार. यंदा एकदा तरी त्याला खरं ठरवा.” तो भिंतीकडे बघत म्हणाला, “यंदाचं तेवढं मिळालं नाही. कोच म्हणाले, पोस्टात अडकलंय.”

माझा हात खिशाकडे गेला. कबूल करून टाकावं, म्हणून मी अंकाची घडी बाहेर काढली. ऑरिनने ती माझ्या हातातून घेतली, उघडलीसुद्धा नाही, आणि स्वतःच्या खिशात टाकली.

“अजून पोस्टातच आहे,” तो टेटला म्हणाला.

टेट अंघोळीला गेला. ऑरिनने गुरुवारीच ते वाचलं होतं, हे मला न विचारता कळलं. अकरा वर्षं गाव मला हसलं तेव्हा मला लाज वाटली नव्हती. त्या खोलीत वाटली.

“ऑरिन,” मी म्हणालो, “मला खरंच वाटत होतं की आपण जिंकू.”

“माहितीये. म्हणून तर तुला सांगितलं होतं.”

आम्ही दोघांनी मिळून कात्रणं उतरवली. एक फाटलं, ते त्याने नीट जोडून घेतलं.

पुढच्या शनिवारी आमची गाठ ज्या संघाशी आहे तो आम्हाला चाळीस गुणांनी झोडपणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ‘आपण तीन गुणांनी जिंकणार,’ असं मी लिहून दिलंय. मायलो माझी दाढी करायला तयार नाही.