चहाच्या मापाचं खोकं

बाजारात त्याला सगळे खोकेमास्तर म्हणत. साबणापासून मोज्यांपर्यंत कुठलीही वस्तू तो खोक्यात बसवून देई, आणि नाहीच बसली तर दोष वस्तूचा, असं छातीठोकपणे सांगे. बायको गेल्यापासून मात्र त्याच्याकडे एक काम अडून बसलं होतं, आणि तेही घरचंच. लेकीला आईचा चहा विकायचा होता. त्यासाठी खोकं हवं होतं.

चहा म्हणजे तसा चहा नव्हेच. पुदिना, गवती चहा, बडीशेप, लिंबाची वाळलेली साल. बायको आयुष्यभर हा पाला गच्चीत ताटांत वाळवून हाताने चुरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाजायची. मास्तरने तो कधी तोंडाला लावला नाही. "मी काय शेळी आहे?" असं तो विचारी. "शेळी दूध तरी देते," असं ती म्हणे.

जावयाने या पाल्याचं नाव 'हर्बल इन्फ्युजन' ठेवलं होतं. नाव बदललं की पाला जरा शहाण्यासारखा वागेल, अशी त्याची समजूत असावी. लेकीने आपल्याकडचा उरलासुरला चमचाभर चहा एका दुकानाच्या मालकीणबाईंना पाजला होता. त्यांना चव आवडली होती. शनिवारी त्या दुकानात भरलेलं खोकं बघणार होत्या. पसंत पडलं तर दुकानात दर्शनी फळी, नाही तर राम राम. लेक नोकरी सोडून बसली होती, त्यामुळे राम राम परवडणार नव्हता.

पण लेकीने वाळत घातलेली पानं अजून ओली होती. तयार चहा आता जगात एकाच ठिकाणी उरला होता: मास्तरच्या कामाच्या खोलीत, फळीवर, बायकोने शेवटचा भरून ठेवलेल्या खोक्यात. आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, असा मास्तरचा हुकूम होता.

"तांदळावर नमुना काढतो," मास्तर म्हणाला. "वजन ते वजन."

त्याने पांढरा पुठ्ठा घेतला, पट्टी धरली, बोथट चाकूने घडीच्या रेघा दाबल्या, धारदार चाकूने कडा कापल्या. छपाईच्या आधी असं कोरं खोकं करून बघतात, म्हणजे चुका आधी स्वस्तात होतात. झाकणाची जीभ खाचेत टक् करून बसली. आत चहाच्या वजनाचे तांदूळ काठोकाठ मावले.

जावई खूश झाला. खोकं तळहातावर फिरवत म्हणाला, "वा बाबा! एकदम प्रीमियम! इथे समोर आईंचा फोटो घेऊ. आणि मागे तुमच्या दोघांची गोष्ट. लोकांना गोष्ट लागते."

"कुठली गोष्ट, जावईबापू?"

"तुमचं प्रेम वगैरे."

"आम्ही पंख्याच्या वेगावरून भांडायचो. ते छापा. जागा उरली तर माझं घोरणं घाला."

लेकीने खोकं उघडलं, आतले तांदूळ पाहिले आणि बापाकडे पाहिलं.

"बाबा, यात चहा मावणार नाही. पाला फुगीर असतो."

"वजन मोजलंय मी."

"तांदळाचं. उशीचं खोकं विटेवर काढू नये, हे मला कोणी शिकवलं?"

शिकवलं त्यानेच होतं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तो हे ऐकवायचा आणि वर हसायचाही. म्हणून त्याने तांदूळ मुकाट्याने डब्यात परत ओतले आणि दुसऱ्या दिवशी कागदाची कातरण घेऊन नमुना काढला. कातरण इतकी फुगली की खोकं थेट बुटांच्या मापाचं झालं.

"यात आपण चहा विकायचाय की बूट?" जावयाने विचारलं.

"दोन्ही विका. बुटांचीही काही गोष्ट असेलच."

तिसऱ्या वेळी तो रस्त्यावर उतरला आणि फुटपाथवरच्या झाडाखालची वाळकी पानं पिशवीत गोळा करू लागला. शेजारीणबाई खिडकीतून म्हणाल्या, "मास्तर, हल्ली झाडलोटही घेता का?"

"हर्बल झाडलोट आहे, वहिनी. लवकरच तुमच्या जवळच्या दुकानात."

ती पानं चुरल्यावर त्यांचं पीठ झालं. खोकं पुन्हा लहान. शुक्रवार दुपारपर्यंत टेबलावर पांढऱ्या खोक्यांची वस्ती उभी राहिली होती, आणि त्यातलं एकही चहाच्या मापाचं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या अनुभवाला हे असं फळ आलं होतं.

लेक आली तेव्हा जावई बरोबर नव्हता. तिने ती वस्ती पाहिली आणि पिशवी खांद्यावरून काढली.

"बाबा, बाई उद्या खोकं बघणार आहेत. फळीवरचं खोकं काढा."

"नाही."

"का पण?"

"ते तुझ्या आईने भरलंय."

"माहीत आहे मला. तिने चहा केला होता बाबा, स्मारक नाही."

"एकदा ओतला की परत तसा भरता येणार नाही. झाकण तिने दाबलंय ते."

लेक स्टुलावर बसली. मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "मग मी उद्या काय दाखवू? तुमचे तांदूळ?"

टोमणा आईच्याच धाटणीचा होता, पण आई तो मारताना कधी अशी दमलेली दिसली नव्हती. मास्तर उठला. खुर्चीवर चढून त्याने खोकं खाली घेतलं.

ते त्यानेच बायकोला करून दिलं होतं. उत्तम जाड पुठ्ठा, चारही कोपरे काटकोनात, झाकण इतकं घट्ट की उघडताना आतली हवा सुस्कारा टाकायची. त्याने टेबलावर कोरा कागद पसरला, झाकण उचललं आणि चहा ओतला. दोघं खाली वाकली.

वास आला तो सरसाचा. पुठ्ठा चिकटवायला मास्तर जो सरस रोज शेगडीवर शिजवत असे, त्याचा. शेगडी बरोब्बर त्या फळीखाली होती.

खाण्याचा माल नुसत्या पुठ्ठ्यात भरू नका, आत चंदेरी पिशवी घाला, वाळका पाला शेजारचा वास पितो, हे व्याख्यान मास्तरने किती गिऱ्हाइकांना दिलं असेल त्याला हिशेब नाही. बायकोच्या खोक्यात मात्र पिशवी घातली नव्हती. घरच्या कामाला कोण घालतं? आणि ती गेल्यावर त्याने ते खोकं स्वयंपाकघरातून उचलून मुद्दाम शेगडीवरच्या फळीवर ठेवलं होतं, कारण कामाला बसलं की तिथलं दिसायचं. इतकं सांभाळलं होतं की त्याची पार वाट लागली होती.

"बाबा," लेक म्हणाली, "याला नव्या खुर्चीचा वास येतोय."

मास्तरला हसू आलं. ते नीट बाहेर पडलं नाही, मध्येच कुठेतरी अडकलं, आणि त्याला नाक शिंकरायला भिंतीकडे तोंड करावं लागलं. लेक त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तीही नाक ओढत होती, पण सर्दी दोघांनाही झालेली नव्हती.

"माप तरी खरं मिळेल," शेवटी तो म्हणाला.

मग त्याने काम केलं. चहा चंदेरी पिशवीत भरला, पिशवी टेबलावर आपटली, पाला बसू दिला, पुन्हा भरला. बायकोच्या हाताने मोडलेले गवती चहाचे तुकडे लांबट होते. ते आडवेतिडवे पडून मधे पोकळी धरून ठेवत. हे ना तांदळाला जमलं असतं, ना झाडलोटीला. खोकं उंचीला जरा चढलं, रुंदीला अंग चोरून राहिलं. पिशवी आत सरकली आणि झाकण बसलं.

शनिवारी दुकानात मालकीणबाईंनी खोकं कानाशी हलवून पाहिलं, उघडलं, पिशवी हुंगली आणि भुवया वर केल्या.

"हा चहा फक्त मापाला आहे," लेक सरळच म्हणाली. "प्यायचा वेगळा येईल. याला वास लागलाय."

"कसला?"

"बाबांचा."

बाई हसल्या. खोकं फळीवर ठेवून दोन पावलं मागे गेल्या. जावयाने फोटोचा आणि गोष्टीचा विषय काढला. "नको," बाई म्हणाल्या. "एक हिरवी पट्टी आणि आत काय काय आहे ते. बाकी लोक पिऊन ठरवतील." जावयाने इतकी सुंदर गोष्ट गिळली की त्या दिवशी त्याला जेवणाची गरज नसावी. "पानं वाळली की माल आणा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

कामाच्या खोलीत परतल्यावर मास्तरने नमुन्यातली पिशवी उघडली आणि चहा कातरणीच्या टोपलीत ओतला. पिशवी उलटी करून झटकलीसुद्धा.

लेक दारात उभी होती. "थोडा ठेवायचा होता, बाबा."

"ठेवून बघितलं ना." त्याने पिशवी चपटी करून टेबलावर ठेवली. "तुझी पानं कधी वाळणार?"

"रोज उलटावी लागतात. मला एकटीला होत नाही, येता का उद्या?"

"किती वाजता?"

"आई उजाडताच उलटायची."

"माहीत आहे," मास्तर म्हणाला. "ताटांच्या आवाजाने रोज माझी झोप मोडायची. येतो."