आडवी हीर

कुट्टप्पननं मखमलीचा बोळा तेलात बुडवला, निथळू दिला आणि आरशावर आडवा ओढला. डावीकडून उजवीकडे, मग उलट. बोळा गोल फिरवायचा असतो. केरळातल्या आरन्मुळात, धातूचे आरसे घडवणाऱ्या आचारी कारागिरांच्या घरी, हे शिकवावंही लागत नाही. पोरं पाहून पाहूनच शिकतात.

समोर त्याचा मेहुणा शिवन मूस खरडत बसला होता. त्यानं मान वर केली.

"अळिया, खांदा धरलाय का?"

"नाही."

"मग आडवं काय चाललंय? नाव वल्हवल्यासारखं."

शिवन उठला, त्याच्या मागं येऊन वाकला. लाकडी ठोकळ्यावर लाखेनं बसवलेला तळहाताएवढा आरसा होता. त्यात शिवनला आपलं तोंड तळलेल्या पापडासारखं पसरलेलं दिसलं. नाक तेवढंच लांब, हनुवटी तिथंच. फक्त गाल दोन्ही बाजूंना गेलेले.

"खळी पडलीय," तो म्हणाला.

"पडली नाही. पाडलीय."

शिवननं मान एका अंगाला कलवून आरसा पाहिला, मग दुसऱ्या. उभ्या अंगानं तो पाण्यासारखा सपाट होता. आडव्या अंगानं मात्र मधोमध नखाच्या जाडीएवढा खोल गेलेला. हा धातू वाकत नाही, वाकवायला गेलं तर फुटतो. म्हणजे खळी साच्यातच होती. ओल्या मातीला बांबूच्या फाकेचा बाक देऊन कुणीतरी साचा शांतपणे सुकवला होता.

"कुणासाठी?" शिवननं विचारलं, आणि विचारल्यावर त्याला वाईट वाटलं.

कुट्टप्पननं पुन्हा बोळा तेलात बुडवला.

"उद्या विशू आहे," तो म्हणाला. "कणीत आरसा लागतो." विशू म्हणजे नव्या वर्षाचा पहिला दिवस, आणि त्या पहाटे डोळे उघडताच सगळ्यांत आधी बघायची मांडणी म्हणजे कणी.

या आरशाला काच नसते. धातूच घासून घासून आरसा होतो. काचेच्या आरशावर बोट टेकवलं तर बोट आणि प्रतिबिंब यांत काचेच्या जाडीएवढं अंतर राहतं. इथं बोट संपतं तिथंच प्रतिबिंब सुरू होतं. कुट्टप्पनच्या बायकोची, पंकजाक्षीची, सगळी पारख या एका गोष्टीवर होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून घासून तयार झालेला प्रत्येक आरसा आधी तिच्यापुढं यायचा. ती झाडूतून नारळाच्या पातीची एक सरळ हीर उपसायची, आरशावर आधी उभी टेकवायची, मग आडवी. हीर आणि तिचं प्रतिबिंब एकमेकांना टोकापासून टोकापर्यंत चिकटले की आरसा सपाट. मध्ये उजेड दिसला तर खळी. हीर डुगडुगली तर पोट. पोट असलेला आरसा माणसाला बारीक करतो, खळी असलेला जाड करतो. दोन्ही पुन्हा मुशीत जायचे.

एकदा नवरीकडची माणसं गाडी चालू ठेवून दारात उभी असताना तिनं आरसा परत केला होता. खळी इतकी कमी होती की कुट्टप्पनलाही दिसली नव्हती. "नवरी भरल्या गालांची दिसेल, बिघडलं कुठं?" तो म्हणाला होता. "तिला तिचं तोंड दिसू दे," ती म्हणाली होती. "दुसरीचं कशाला?"

शिवन पुन्हा मुशीपाशी जाऊन बसला. पंकजाक्षी त्याची चेच्ची, थोरली बहीण.

"चेच्ची हीर लावणार."

"आजारी माणूस कणी बघतं का आरसा पारखतं?"

"ती पारखते. तुमच्या लग्नात मांडवात बसून तिनं तुमच्या बापाच्याच हातचा आरसा तपासला होता. मी शेजारी होतो. म्हाताऱ्याला घाम फुटला होता."

"पास केला होता पण."

"पास केला, कारण सपाट होता." शिवननं मूस पालथी घालून ठोकली. "हा उभ्या हिरेला बसेल. आडवी लावली की संपलं. मग काय सांगाल? हात चुकला म्हणून?"

कुट्टप्पननं आरसा उजेडाकडं केला, स्वतःचं तोंड त्यात येणार नाही असा.

"झाडू मी उचलून गोठ्यात ठेवलाय," तो म्हणाला.

शिवनला हसू आलं आणि ते त्यानं मुशीतच सोडलं.

दिवेलागणीला कुट्टप्पनची मुलगी लतिका कणीची उरुळी, पसरट काशाचं भांडं, घासत होती. आईला इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशीच तिनं खोलीतला आरसा काढून कपाटाच्या मागं ठेवला होता. भिंतीवर खिळा तसाच राहिला. आईनं त्या खिळ्याकडं पाहिलं होतं, काही विचारलं नव्हतं. धनु महिना संपला, मकर गेला, कुंभ, मीन गेला. तिनं केस गळताना हातात आलेले पाहिले, मनगटं पाहिली, चेहरा तेवढा पाहिला नाही.

"अच्छन, यंदा आरसा नको ठेवू या," लतिका म्हणाली. "फुलं आहेत, काकडी आहे, फणस आहे. देवाला कळतं."

"देवाला कळेल. तिला नाही कळणार?"

"तिला पहाटे पहाटे ते दाखवायचं? वर्षाच्या पहिल्या दिवशी?"

"आरसेवाल्याच्या घरात बिनआरशाची कणी मांडली तर ती काय समजेल, ते सांग मला."

लतिकानं उरुळी पालथी घातली. आतल्या खोलीतून आवाज आला, बारीक, पण दटावल्यासारखा.

"लतिके, बहावा आणलास की नाही? की दोघं भांडूनच कणी मांडणार?"

"आणलाय, अम्मा."

"आणि आरसा?"

लतिकानं वडिलांकडं पाहिलं.

"आहे," कुट्टप्पन म्हणाला. "नवा आहे."

आतून खाट करकरली.

"बरं," ती म्हणाली.

दरवर्षी कणी पंकजाक्षी मांडायची आणि बाकीच्यांना डोळे मिटून तिच्यापर्यंत जावं लागायचं. यंदा कणी तिच्यापर्यंत गेली. उरुळीत तांदूळ, पिवळी काकडी, देठासकट आंबे, फणसाचा एक गरा, नारळाच्या कवडीत तेलाची वात, घडी केलेलं कोरं मुंडु, नाणी. त्यावर बहाव्याचे घोस आणि मागं टेकून आरसा. लतिकानं आईच्या पाठीशी उशा लावल्या आणि तिचे डोळे तळहातानं झाकले.

"तुझ्या हाताला फिनेलचा वास येतोय. आज तरी धुवायचा."

"धुतलाय, अम्मा."

"मग फिनेलनंच धुतलास."

कुट्टप्पननं उरुळी तिच्या मांडीपुढं ठेवली, वात जरा बाजूला केली आणि आरसा उचलून हातभर अंतरावर धरला. किती अंतरावर धरायचा हे त्यानं छपरीत पुन्हा पुन्हा पाहून ठरवलं होतं. लतिकानं हात काढला.

पंकजाक्षीनं आधी फुलं पाहिली, रीतीप्रमाणं. मग काकडी, मग वात. मग वर पाहिलं.

आरशात एक भरल्या तोंडाची बाई होती. केस विरळ, डोळे खोल, पण गालाची हाडं लपलेली, जबड्याची रेघ रुंद. शेतातून साच्याची माती डोक्यावरून आणणारी बाई असावी तशी. लतिकानं बाजूनं डोकावलं आणि तिला एकदम बरं वाटलं. का, ते तिला कळलं नाही.

पंकजाक्षी बघत राहिली. तिनं हात उचलून गालाला लावला. बोटाला हाड लागलं. ती तशीच, बोट हाडावर ठेवून, आरशातल्या बाईकडं बघत राहिली.

मग दुसरा हात तिनं उशीखाली घातला आणि हीर काढली.

कुट्टप्पननं लतिकाकडं पाहिलं.

"काल दात कोरायला मागितली होती," लतिका म्हणाली. "झाडू गोठ्यात कसा गेला कोण जाणे."

"नीट धरा," पंकजाक्षी नवऱ्याला म्हणाली. "हलवू नका."

तिनं हीर आरशावर उभी टेकवली. वरपासून खालपर्यंत हीर आपल्या प्रतिबिंबाला चिकटली. मध्ये केसाएवढाही उजेड नव्हता. कुट्टप्पन आरशाकडं पाहत नव्हता, तिच्या मनगटाकडं पाहत होता. आता ते वळेल. इतकी वर्षं ते याच क्षणी वळत आलं होतं. उभी, मग आडवी.

मनगट वळू लागलं. हीर तिरकी झाली, आणि तिथंच थांबली.

तिची नजर आरशाच्या कडेवर होती. कडेला त्याची बोटं होती. पेरांच्या भेगांत तेलाची काजळी बसलेली, उजव्या अंगठ्याची साल निघालेली. अशी साल गोल घासताना निघत नाही.

तिनं हीर उचलली.

"सपाट आहे," ती म्हणाली.

कुट्टप्पनच्या हातात आरसा तसाच राहिला. ती कधी एवढ्यावर थांबली नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, आणि तिलाही.

"उभे का? या इकडं. कणी एकट्यानं बघतात का?"

तो खाटेच्या कडेला बसला, वाकला, आणि आपला गाल तिच्या गालाशेजारी नेला. आरशात दोन रुंद तोंडं आली, एकमेकांना खेटून. तिनं आधी स्वतःकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. रोज सकाळी दाढी करताना आत गेलेले गाल पाहणाऱ्या त्या माणसाकडं.

"तुम्ही पण भरलात की हो," ती म्हणाली. "कुणाच्या हातचं खाताय?"

लतिका खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी या खोलीत कुणी हसलं होतं. पंकजाक्षीनं डोकं मागं उशीवर टेकलं आणि हीर बोटांत धरून डोळे मिटले.

आरशावर हिरेचा माग राहिला होता, वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ. कुट्टप्पननं खांद्यावरचं फडकं ओढलं. ते आरशापर्यंत नेलं. मग पुन्हा खांद्यावर टाकलं, आणि आरसा फुलांमागं जागच्या जागी ठेवून दिला.