करपला नव्हता रस्सा

डावाला चिकटलेलं पुदिन्याचं पान... अजून हिरवंगार, म्हणजे बरोबर वेळेला टाकलं होतं, उतरवायच्या जरा आधी — आणि खाली मेंढीच्या रश्श्याचं पातेलं काठोकाठ तसंच, वर चरबीची साय धरू लागलेली. अदेरितोला ती साय बघवेना. छावणीच्या मेसमध्ये इतकी वर्षं स्वयंपाक केला, पण पातेलं असं भरलेलं कधी राहिलं नव्हतं.

आले होते छावणीतले सगळे. रांगेतच आले, ताट घेतलं, त्याच्यासमोर उभे राहिले, "आभारी आहे, अदेरितो," म्हणाले आणि कोरं ताट परत चळतीवर ठेवून बाहेर पडले — घाई नाही, घोषणा नाही. कायदा म्हणतो, सैनिकांनी संघटनेचं सभासद व्हावं, वर्गणी भरावी, पण मोर्चा काढायचा नाही. म्हणून सार्जंट लोकांच्या संघटनेनं लिस्बनच्या रस्त्यांवरून नुसता फेरफटका मारला, साध्या कपड्यांत, बायकापोरांसकट. त्या फेरफटक्यात गेली म्हणून सार्जंट झुल्मिराला शिक्षा, छावणीतच अडकवून ठेवलंय, घरी जायला बंदी, आणि तिच्यासाठी आज ही कोरी ताटं. काय माणसं आहेत! तो धिप्पाड बेल्मिरो रश्श्याच्या वासानं आवंढा गिळताना दिसला, पण ताट ठेवलंच पठ्ठ्यानं.

काल झुल्मिरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली होती, "उद्या हात राखून करू नकोस हं. झकास कर."

"खाणार कोण? भिंती?"

"म्हणून तर! बेचव केलंस तर वरचे म्हणतील, जेवणच वाईट होतं, बिचारे उपाशी उठले."

"सार्जंटबाई, मी तुमच्या संघटनेत नाही."

"ठाऊक आहे रे. मी आचाऱ्याशी बोलतेय."

नव्हतोच मी संघटनेत... आपण बरं, आपलं पातेलं बरं. तरी पहाटे कांदा परतताना हात असा चालला, जणू घरचं लग्न आहे.

समोर खुर्ची ओढून बसलेले कॅप्टन साल्गेरो मघापासून हळू आवाजात समजावत होते. "रस्सा करपला होता, एवढंच म्हण. मग हा बहिष्कार नाही, जेवणाची तक्रार. कुणालाच शिक्षा नाही. तुला फार तर दोन शब्द ऐकावे लागतील."

माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. एक वाक्य, आणि सगळे सुटतील — बेल्मिरोसुद्धा, ज्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत... पण मग त्या कोऱ्या ताटांचं काय? झुल्मिराचं काय?

"करपला नव्हता, सर."

"असं? मग खाऊन दाखव."

त्यानं वाडगा भरला. वाफ नाकात गेली. सकाळी मीठ बघण्यापुरतं बोट लावलं, त्यानंतर पोटात काही नाही. खाल्लं तर रस्सा चांगला ठरेल, पण सबंध छावणीत जेवलेला मी एकटा... त्यानं पावाचा तुकडा वाडग्याशेजारी ठेवला, चमचा ठेवला आणि सगळं कॅप्टनसमोर सरकवलं.

"तुम्हीच चाखा, सर. तुम्ही तर कुठल्या संघटनेत नाही."

 कॅप्टननी चमच्याला हात लावला नाही. अदेरितोच्या पोटात कावळे ओरडत होते... एवढ्या वर्षांत हजारो माणसांना त्यानं वाढलं, पण त्यांच्या पंगतीत आपणही बसलोय असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आज, उपाशी, वाटत होतं.