नानांनी लावलेलं ग्रीस

मी एक मॉनिटर बोलतोय. खरं तर त्या ऑक्टोबरात मी रोजच बोलत होतो, बोलून बोलून माझा जीव मेटाकुटीला आला होता, पण ऐकतो कोण? सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. माझं बोलणं पाठीतून होतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

ते आधी समजून घ्या, म्हणजे माझा वैताग कळेल. माझ्या पाठीला पंधरा भोकांचं एक निळं तोंड आहे. त्यात केबल बसते. काही भोकांतून कॉम्प्युटर मला चित्र पाठवतो आणि दोन भोकांतून मी त्याला माझी ओळख सांगतो. मी बावीस इंची, माझ्यावर आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी ठिपके, आणि चित्र सेकंदाला साठ वेळा बदललेलं मला सोसतं, त्याहून जास्त नाही. चालू झाल्याबरोबर हे सांगायचं, ही आम्हा मॉनिटरांची रीत आहे. एकदा सांगितलं की कॉम्प्युटर मापाचं चित्र पाठवतो आणि सगळं सुरळीत चालतं.

माझा जन्म कुठल्याशा दूरदेशच्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवतं ते रत्नागिरीच्या बंदराजवळचं एका बर्फाच्या कारखान्याचं ऑफिस. तिथे मी नऊ वर्षं टेबलावर होतो. सकाळी बोटींच्या वेळा दाखवायच्या आणि दुपारी साहेब जेवायला गेले की कारकुनाचे पत्ते. तक्रारीला जागा नव्हती.

त्या कारखान्यात बर्फाचं मशीन सांभाळायला हमीद नावाचे गृहस्थ होते. मशीन बिघडलं की ते आधी हात लावून बघत, मग वास घेत, मग बोलत. प्रत्येक जोडाला, प्रत्येक स्क्रूला त्यांचं ग्रीस असे. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी ऑफिसातलं सामान माणसांना वाटून टाकलं. मी हमीदांच्या वाट्याला आलो आणि रिक्षात त्यांच्या मांडीवर बसून राजिवड्याला, त्यांच्या घरी आलो.

घरी त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी मला पुसलं, उलटं केलं आणि ग्रीसचा डबा काढला. नानी, म्हणजे त्यांची बायको सकिना, दारातून म्हणाली, "त्याला कशाला लावता? तो काय बोटीचा पंखा हाय?"

"खारी हवा लोखंडाला सोडत नाय, ह्याला काय सोडणार," नाना म्हणाले. आणि बाळाच्या टाळूवर तेल थापावं तसं त्यांनी माझ्या पंधराही भोकांत अंगठ्याने ग्रीस थापलं. मग मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलं. खरं सांगतो, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. इतक्या मायेने मला आजवर कोणी हात लावला नव्हता.

माळ्यावर दोन वर्षं गेली. ग्रीसमध्ये धूळ बसली आणि ते राळेसारखं घट्ट झालं.

मला खाली काढलं ते महरीनने. महरीन ही नानांच्या मुलीची मुलगी. आईवडील पनवेलला, ही कॉलेजसाठी रत्नागिरीत आजोळी राहिलेली. कॉलेज संपलं त्याच सुमारास नानी न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून तिला उठवायचं, बसवायचं, भिंतीला धरून चार पावलं चालवायचं, हे सगळं महरीनकडे. पण नुसतं घरी बसून कसं चालेल? आईने पनवेलला एका दुकानात नोकरी बघून ठेवली होती. आणि इकडे महरीनने पुण्याच्या एका नकाशाच्या कंपनीत अर्ज केला होता. आकाशातून काढलेल्या फोटोंवर घरांची छपरं आखायची, काम घरी बसून. परीक्षा सोमवारी दुपारी तीन वाजता. पास झाली तर राहील, नापास झाली तर बॅग भरायची. बॅग माळ्यावरून खाली काढायला नानांनी तीनदा टाळाटाळ केली होती.

परीक्षेची अट एकच. स्क्रीन एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशीचा हवा, नाहीतर पान उघडणारच नाही. हे ऐकून माझी छाती फुगली. तो स्क्रीन म्हणजे मीच की!

तिचा भाऊ उमेर कतारमध्ये, दोह्याला असतो. मागच्या सुट्टीत त्याने एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला होता आणि जुन्या मशीनला विंडोज झेपत नाही म्हणून त्यात लिनक्स टाकलं होतं. गुरुवारी महरीनने मला त्याला जोडलं. मी चालू झालो आणि रीतीप्रमाणे ओळख सांगितली. चित्राच्या भोकांतून ग्रीस थोडं सरकलं होतं, पण ओळखीची दोन भोकं गच्च होती; ती तिथेच अडकली. मी परत सांगितली. कॉम्प्युटर आपला वाट बघून थकला आणि समोर कोणीतरी म्हातारा, चौकोनी मॉनिटर असेल असं धरून त्याने एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्टचं चित्र पाठवलं.

ते चित्र माझ्या रुंद अंगावर ताणून बसलं. अक्षरं फुगली, गोल होते त्यांची अंडी झाली. परीक्षेचं पान म्हणालं, स्क्रीन लहान आहे. लहान! मी!

महरीनने सेटिंग उघडली. तिथे आकारांच्या यादीत माझा आकारच नव्हता. तिने यादी वर केली, खाली केली, बंद करून परत उघडली. माणसांची ही सवय मला कधी कळली नाही. जी गोष्ट मघाशी नव्हती ती आता असेल म्हणून तिथेच परत बघायचं.

मग उमेरचा फोन. "सोपं आहे," तो म्हणाला. फोनवरून सांगणाऱ्याला सगळं सोपंच असतं. त्याने तिला एक काळी खिडकी उघडायला लावली आणि हुकूम सांगायला सुरुवात केली. एकेक आकडा, एकेक टिंब. "मध्ये जागा सोडलीस? सोडायची नव्हती." दोन तास हे चाललं. शेवटी त्यांनी माझा आकार हाताने लिहून कॉम्प्युटरला सांगितला, आणि चित्र मापात बसलं. अक्षरं कशी रेखीव झाली! महरीन हसली. मीही मनातल्या मनात सैल झालो. ओळख न देता का होईना, निभावलं.

शुक्रवारी दुपारी परतीच्या पावसाचं गडगडलं. नाना ओटीवरून उठले आणि पहिल्या गडगडाटालाच घरातल्या सगळ्या पिना त्यांनी उपटल्या. फ्रिज, टीव्ही, कॉम्प्युटर आणि माझी पाठीमागची केबलसुद्धा. शेजारच्यांचा टीव्ही विजेने गेल्यापासून त्यांचा हा नियम आहे. ढग गेल्यावर त्यांनी सगळं परत जोडलं, माझी केबल चांगली दाबून, म्हणजे ग्रीस आणखी आत.

कॉम्प्युटर चालू झाला तो सगळं विसरून. परत तीच अंडी. हाताने लिहिलेला आकार मशीन बंद झालं की पुसला जातो, हे उमेरने सांगितलंच नव्हतं.

"नाना, पिना का काढल्यात?" महरीन रडवेली झाली.

"वीज काय तुझी परीक्षा बघून येते?" नाना म्हणाले.

शनिवारी उमेरने तो आकार कायमचा लिहून ठेवायचं ठरवलं, म्हणजे चालू होताना आपोआप लागेल. ठरवलं ते उत्तम. पण या वेळी तो म्हणाला, "साठ कशाला, पंच्याहत्तर टाक. माझ्या मॉनिटरला चालतं." तुझ्या मॉनिटरला चालतं, बाबा, तो दोह्याला एसीत बसलाय! मला साठ सोसतं, साठ! तिने पंच्याहत्तर लिहिलं, मशीन बंद करून चालू केलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मला स्वतःहून एकच वाक्य बोलता येतं, ते मी काळ्या पडद्यावर दाखवलं : आवाक्याबाहेर. त्या भयंकर दिवसात माझं तेवढंच बोलणं लोकांनी वाचलं, आणि त्याचा अर्थ काढला की मॉनिटर गेला.

संध्याकाळी नाक्यावरच्या कॉम्प्युटर दुकानातला विनोद आला. त्याने ती पंच्याहत्तरची ओळ शोधून काढली आणि मला परत उजेडात आणलं, हे त्याचे उपकार. पण मग तोही यादी वरखाली करायला लागला. नाना मागे उभे होते.

"मी जरा मागनं बघू काय?" ते म्हणाले.

"चाचा, हे इंजिन नाय," विनोद म्हणाला. "हे सॉफ्टवेअर हाय."

नाना मागे सरकले. मला ओरडावंसं वाटलं, पण माझं ओरडणं कुठे अडकलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

विनोदने नवी केबल आणली होती. मला भिंतीपासून न हलवता, नुसता हात मागे घालून, चाचपत त्याने ती लावली. फरक पडला नाही. पडणार कसा? गच्च झालं होतं ते माझं तोंड, केबल नव्हे. त्याने हात बाहेर काढला, बोटांकडे बघितलं, म्हणाला, "काय तेलकट हाय हो हे," आणि हात पँटला पुसला. पुसला आणि विसरला! हातात आलेलं उत्तर त्याने पँटला पुसलं. मग निकाल दिला : केबल ठीक, म्हणजे मॉनिटर बाद. "हुकूम लिहून परत जबरदस्ती केलीत, तर परीक्षेत मधेच काळा पडेल. नवीन घ्या, नायतर लिनक्स काढून टाका." नवीन मंगळवारी येणार होता. परीक्षा सोमवारी.

रविवारी सकाळी पनवेलहून आईचा फोन आला. बुधवारच्या गाडीचं तिकीट बघते म्हणाली. महरीन बरं म्हणाली. नानीने भिंतीकडे तोंड केलं. नाना स्टुलावर चढले आणि बॅग काढून त्यांनी कॉटवर ठेवली.

बॅग ठेवून ते माझ्याकडे आले. या वेळी त्यांनी कोणाला विचारलं नाही. मला दोन्ही हातांनी उचललं, टेबलावर पालथं घातलं, केबलचे स्क्रू सोडवले आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्या पाठीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग केबलच्या टोकावरून बोट फिरवून वास घेतला.

वास त्यांना ओळखीचा होता. ते खाली बसले.

"काय झालं, नाना?"

"बाय, हा माझाच हात," ते म्हणाले. "तुला घालवायला मीच निघालो होतो."

महरीनने माझ्या पाठीकडे बघितलं आणि तिलाही कळलं. ती रागावेल असं मला वाटलं. तीन दिवसांचा वैताग तिच्याकडे होताच, थोडा माझ्याकडूनही घ्यायला हरकत नव्हती. पण ती नानीच्या औषधांतली स्पिरिटची बाटली घेऊन आली, काडीला कापूस गुंडाळला आणि काडी नानांच्या हातात दिली. "तुम्हीच करा," ती म्हणाली, "माझा हात हलेल."

नानांनी एकेक भोक साफ केलं. पंधरा भोकं, पंधरा काड्या. मग केबलच्या पिना दात घासायच्या जुन्या ब्रशने. सुकेपर्यंत फुंकर मारत बसले. मग महरीनने बटण दाबलं.

मी माझी ओळख सांगितली. एकदाच सांगितली, हळू आवाजात. आणि ती पोचली. ना हुकूम, ना काळी खिडकी, ना दोह्याचा फोन. चित्र मापात, सेकंदाला साठ वेळा. कोणी विचारलं असतं तर हे मी गुरुवारीच सांगितलं असतं!

सोमवारी तीन वाजता परीक्षेचं पान उघडलं. महरीन छपरं आखत होती : कौलांची, पत्र्यांची, स्लॅबची. मी एकेक कौल नीट दाखवत होतो. घराला इन्व्हर्टर होता, त्यामुळे लाईट जायची भीती नव्हती. भीती नानांची होती.

साडेचारला गडगडलं.

ओटीवरून पावलं आली. नानांनी फ्रिजची पिन काढली, टीव्हीची काढली आणि ते माझ्या टेबलाशी वाकले. महरीनने मान वळवली नाही, पण तिचा हात थांबला. पान मध्येच बंद पडलं तर परत उघडत नाही, हे तिने त्यांना सकाळी सांगितलं होतं. मला माझ्या आणि कॉम्प्युटरच्या सामाईक पिनेवर त्यांची बोटं कळली.

त्यांनी पिन ओढली नाही. ते तिथेच खाली बसले, हात पिनेवर ठेवून.

वीज खाडीपलीकडे पडली, मग अलीकडे. खिडकीची तावदानं हलली. आतून नानीने विचारलं, "पिना काढल्यात काय सगळ्या?"

"काढल्या, काढल्या," नाना म्हणाले.

पुढची वीस मिनिटं ते तसेच बसून होते. मी जळालो असतो तर जळालो असतो, पण एकदाही डोळा मिटला नाही. महरीनने शेवटचं छप्पर आखलं, पाठवायचं बटण दाबलं आणि 'पोचलं' अशी पाटी आली. तिने ती मोठ्याने वाचली.

पुढच्या क्षणी मी गपकन बंद पडलो. नानांनी पिन काढली होती.

तिला काम मिळालं. आता रोज सकाळी नऊ ते पाच मी छपरं दाखवतो, नानीची चालायची वेळ झाली की तेवढा विसावतो. बॅग परत माळ्यावर, माझ्या जुन्या जागी गेली. म्हातारपणी एवढं पुष्कळ झालं.

तुम्हाला एकच सांगतो. तुमच्या घरातला एखादा माझ्यासारखा अडून बसला, तर यादी वरखाली करण्याआधी त्याला भिंतीपासून ओढा आणि त्याच्या पाठीकडे बघा. आणि घरातलं जुनं माणूस "मी बघू काय" म्हणालं, तर बघू द्या. बिघाड त्याच्या हातचा असेल, पण तो ओळखणारं बोटही त्याचंच असेल.

ग्रीसचा डबा नानांनी कुठेतरी ठेवून दिला. मी रोज वैतागतो, शिव्या देतो, पण पुन्हा कधी मला गुंडाळून माळ्यावर ठेवायची वेळ आली, तर नानांनी त्यांना वाटेल तेवढं लावावं.