खडकामागची आई

एमेल्दा पेन्टेकॉस्टची, म्हणजे आमच्या मालेकुलाच्या शेजारच्या बेटावरची. राजधानीत, विलाच्या विद्यापीठात भाषाशास्त्र शिकते आणि महिनाभर माझ्या ओसरीवर ठाण मांडून बसली आहे. आमच्या बोलीत चार-पाच क्रियापदं एकापाठोपाठ येतात, मधे 'आणि' नाही. ती सगळी एकाच दमात म्हणतात का, एवढ्यासाठी पोरीचा जीव टांगणीला! मी कोनफळ किसत होते, पानात गुंडाळून भाजायचं लापलाप करायचं होतं.

"मावशी, जुनी टेप मिळालीय. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी इथल्या बायकांना उदाहरणं विचारली होती."

"बायकांना विचारलं? नवलच की."

तिने फोनवर ती लावली आणि माझी आई बोलायला लागली. माझा हात थांबला. "गेले खणलं आणलं भाजलं वाढलं," आई सांगत होती. घरातही ती अशीच बोलायची. "ऊठ जा भर आण!" तिचं बोलणं संपायच्या आत आम्ही भावंडं पाण्याला पळालेली असायचो. तो ओरडा पुन्हा एकदा खायला मी काय वाटेल ते दिलं असतं.

एकोणिसाव्या वर्षी मी विलाला कामाला निघाले. आईने चुलीकडे तोंड फिरवलं. "रोझीन, जायचं तर जा. मी किनाऱ्यावर यायची नाही." मीही तिचीच लेक. रुसले, एक निरोपसुद्धा धाडला नाही. दोन वर्षांनी ती गेली. लेकीला निरोप द्यायलाही जिचा पाय निघाला नाही, तिच्यावर मी आजवर रागावलेली होते.

टेपवर कुणीतरी धावण्याचं उदाहरण मागितलं. आई म्हणाली, "मी धावले गेले पोचले लपले खडकामागून पाहिलं, माझी रोझीन बोटीत चढली गेली."

एमेल्दा टाळी वाजवून ओरडली, "बघा! एका दमात! कुठे श्वास घेतला का हो त्यांनी?"

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. मग माझ्याकडे बघून तिने आवाज बंद केला. "मावशी, काय झालं?"

"आली होती गं ती. धावत आली होती."

"मग तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"कशी दिसणार? रागाच्या भरात मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही."