देवीच्या विहिरीतला वायू

जमनाने विहिरीत घागर सोडली आणि वर काय आलं, तर कुजका नारळ. त्यामागून झेंडूची बुळबुळीत माळ. तिने दोन्ही काठावर आपटली.

“वैनी, देवीच्या विहिरीत घागर?” दीर आत्माराम कुंपणापासूनच ओरडला.

“मग पानमळा काय तुज्या थुंकीवर जगवू?”

तारापूरकडच्या माहीमच्या या वाडीत काही वर्षांपूर्वी विहिरीतून बुडबुडे निघाले. आत्मारामने काडी ओढली, बुडबुडा भपकन पेटला, आणि झालं! देवीचा श्वास म्हणून गावाने रहाटाला लाल फडकं बांधलं. पार उमरोळीहून लोक येऊन नारळ, फुलं, भाताचे मुटके आत सोडू लागले. मग खंबायतला जमिनीखाली तेल लागल्याचं आत्मारामच्या कानावर आलं, तशी देवीचं तेल झालं. तारापूरला सरकार अणूची भट्टी बांधत होतं, आणि हा विहिरीपाशी खाट टाकून त्याच सरकारची वाट बघत होता. देवी असो की तेल, पाणी काढायला बंदीच. नागवेलीला यातलं काही कळत नाही. ती पिवळी पडत होती.

तेवढ्यात नामदेव आला. मुंबईच्या प्रयोगशाळेतला हा पोरगेला माणूस दिवाळीनंतर विहिरीत उतरून, पाण्यात उपड्या धरलेल्या बाटल्यांत बुडबुडे भरून घेऊन गेला होता. ‘निकाल येईतो विहीर ढवळू नका,’ असं वर सांगून गेला होता. आता शिमगा आला. जमनाने त्याला बसायला पाटही दिला नाही.

“निकाल आनलाय का तोंडातच ठेवनार?”

“तेल नाही,” नामदेव म्हणाला. “जमिनीच्या पोटातला वायू लाखो वर्षांचा असतो. त्याच्या कार्बनमधला किरणोत्सारी अंश कधीच विझलेला असतो. तुमच्या वायूत तो शाबूत आहे. आधी पाला कुजला असेल. आता नारळ, फुलं, भात.”

आत्माराम खाटेवर बसला. “म्हंजे आमी नवस टाकतो, तोच कुजून पेटतो?”

“आन पेटतो म्हनून पुन्ना टाकता,” जमना म्हणाली. “लाव आनखी काडी!”

तिने रहाटाचं फडकं ओढून काढलं, त्यालाच हात पुसले आणि कमरेच्या चंचीतून पान काढून चुना लावला. “घ्या. मळ्यात येवढंच हिरवं उरलंय.”

विडा तोंडात गेला तसा नामदेव खुलला. “गंमत सांगू, आत्या? तो अंश असायला हवा त्याहून जास्तच निघाला. म्हणून तर कळलं, हे गेल्या काही वर्षांतलंच उगवलेलं. परदेशांनी हवेत अणुबॉम्ब फोडले ना, त्यांची खूण वाऱ्याने जगभर गेली. तेव्हापासून जे जे उगवलं, त्यात ती आहे.”

“फुलात?”

“हो.”

“भातात?”

“भातातही. पण अगदी कणभर. भिण्यासारखं काही नाही.”

“पानात?”

नामदेवचा जबडा थांबला.

“भितंय कोन?” जमना म्हणाली. “आमाला कुनी इचारलं नाय, येवढंच.” तिने दोराचं टोक दिराच्या मांडीवर फेकलं. “ऊठ. विहीर उपसायची हाय.”

आत्मारामने दोर धरला. पहिली घागर काळीकुट्ट आली. दुसरीही. नामदेव विडा गालात धरून काठावर उभा होता. ना थुंकला, ना चावला.