शेजारच्या घरचं पाणी

आमच्या आत्तींना घर दाखवायला नेणं म्हणजे डोक्याला ताप होता. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, पारूबाई. आम्ही घर बघायला आत शिरलो की ह्या बाहेरच थांबायच्या. मी स्वयंपाकघर बघतेय, माझे यजमान प्रसेनजीत भिंतींवर टकटक करून ओल शोधताहेत, आणि ह्या शेजारच्या घराच्या दारात उभ्या! पदर सावरायच्या आणि घरातली बाई बाहेर आली की खणखणीत आवाजात सांगायच्या, "मी पारूबाई गणपती कांबळे. बौद्ध हाय आमी. ह्ये शेजारचं घर बघाय आलोय. वाईच पाणी मिळंल का?"

पाणी प्यायचं, दोन शब्द बोलायचे आणि रिक्षात जाऊन बसायचं. विकायला काढलेल्या घरात ह्यांचं पाऊलही पडायचं नाही. निकाल मात्र त्यांचाच. "न्हाय घ्यायचं" म्हणाल्या की विषय संपला.

ही गोष्ट २००२ च्या उन्हाळ्यातली. प्रसेनजीत पाटबंधारे खात्यात इंजिनियर. लग्नापासून आम्ही राधानगरीला धरणावरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. मग त्यांची कोल्हापूरला बदली झाली, मलाही तिथल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची नोकरी लागली, आणि आम्ही ठरवलं की आता स्वतःचं घर घ्यायचं. क्वार्टरमध्ये कोण कुठला हे कोणी विचारत नाही, निदान तोंडावर तरी नाही. पण घर घ्यायचं म्हणजे जन्माची गल्ली निवडायची. आमची प्रीती तेव्हा तिसरीत होती. ज्या गल्लीत ती खेळणार, तिथली दारं तिला आत घेणारी हवीत, यावर आमचं तिघांचं एकमत होतं. भांडण होतं ते अशी गल्ली ओळखायची कशी यावर.

माझं म्हणणं सरळ होतं. शिकलेल्या लोकांची कॉलनी बघायची, रुंद रस्ते, दिव्याचे खांब, दारात झाडं. आत्तींचं म्हणणं, "शिकल्यालं काय बघायचं? पाणी कसं देत्यात त्ये बघायचं."

मला भयंकर राग यायचा. दारोदार जाऊन आपण कोण हे ओरडून सांगायची गरज काय? मी एम.एस्सी. झालेली बाई, पोरांना प्रकाशाचं परावर्तन शिकवते, आणि माझं घर ठरणार ते पाण्याच्या पेल्यावर! मी प्रसेनजीतना म्हणायची, तुम्ही सांगा ना आईंना. ते म्हणायचे, तूच सांग. धरणाचे दरवाजे उघडणारा हा माणूस, आईपुढे तोंड काही उघडत नव्हता.

आमचा एजंट जोतीराम, शिवाजी पेठेतला. गडी मनानं चांगला, पण बोलायला लागला की थांबायचा नाही. एकदा रिक्षात तो हळूच मला म्हणाला, "वैनी, राग नगा मानू. आडनाव सांगतासा कशाला? राधानगरीकर म्हणा की. कागूद करताना बघू काय त्ये."

आत्तींचे कान तिखट. "का रं जोतीराम? माझ्या नवऱ्यानं आडनाव काय चोरून आणलंय व्हय?"

जोतीरामनं जीभ चावली. आत्ती मात्र थांबल्या नाहीत. त्या लहान असताना पाटलांच्या वाड्यावर मजुरीला गेलं की पाणी ओंजळीत घ्यावं लागायचं. वरून कोणीतरी ओतायचं, कोपरापर्यंत ओघळ यायचे आणि अर्धं पाणी मातीत जायचं. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडून आले आणि लेकीला म्हणाले, आजपासून कुणापुढं ओंजळ धरायची नाही. तहान लागली तर आपलं नाव सांगायचं आणि भांड्यातनं पाणी मागायचं. दिलं तर प्यायचं, नाही दिलं तर तसंच पुढं जायचं.

"तवापासनं मी नाव सांगूनच पाणी प्यालीया," आत्ती म्हणाल्या. "आता म्हातारपणी राधानगरीकर हुतीया व्हय?"

हे मी त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं. तरीही माझा हट्ट सुटला नाही, कारण मला हवं तसं घर अखेर सापडलं होतं. शहराच्या पूर्वेला एक कॉलनी होती, तिथला छोटा बंगला. दारात बकुळ, प्रीतीसाठी वेगळी खोली, आणि स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी की मी तिथे उभ्या उभ्याच पडदे ठरवले. शेजारी एक निवृत्त प्राध्यापक राहायचे. आत्ती त्यांच्या दारात गेल्या तेव्हा मी आणि प्रीतीही मागोमाग गेलो. प्राध्यापकांच्या बाई हसऱ्या, गोड बोलणाऱ्या. आत्तींचं नाव ऐकून म्हणाल्या, "अहो, आम्ही नाही हो मानत तसलं काही. या ना, व्हरांड्यात बसा." ट्रेमधून पाणी आणलं. शाळेची चौकशी केली. मला वाटलं, जिंकले मी.

रिक्षा सुरू झाली तशा आत्ती म्हणाल्या, "न्हाय घ्यायचं."

"का?" मी जवळजवळ ओरडलेच.

"पेला पलास्टिकचा हुता."

"आत्ती, हल्ली सगळीकडं तसलेच असतात. वापरायचे आणि टाकायचे. स्वच्छ असतात ते."

"मग मागनं जोतीराम आला, त्याला गं स्टीलचा का?"

मी जोतीरामकडं पाहिलं. तो रस्त्याकडं बघत होता.

"आमच्या येळंला गोठ्याच्या वळचणीला आमच्यासाठी च्याची करवंटी खोचून ठेवायची," आत्ती शांतपणे म्हणाल्या. "ती निदान दुसऱ्या दिशी तितंच गावायची. हिला तीबी घरात नगं."

प्रीतीला तो पांढरा पेला आवडला होता. बाहुलीला चहा पाजायला म्हणून तिनं तो बरोबर आणला होता. मी तो तिच्या हातातून हिसकावला आणि चुरगाळून रस्त्यावर फेकला. प्रीती रडायला लागली. मीही रडले. घर गेलं म्हणून नव्हे. माझी पोर त्या व्हरांड्यात हसत हसत खेळायला गेली असती आणि तिला कधी कळलंही नसतं, म्हणून.

त्यानंतर मी आत्तींशी वाद घालणं बंद केलं. पण फुलेवाडीच्या पुढचं ते घर बघून मात्र माझा चेहरा पडला. बाहेरून गिलावा नाही, गल्लीत डांबर नाही, आणि शेजारी म्हशींचा गोठा. वासासकट! प्रसेनजीत आणि मालक आत मोजमापं घेत होते. मी खिडकीतून बघत राहिले, कारण आत्ती आपल्या कामाला लागल्या होत्या.

गोठ्यासमोर एक दांडगी म्हातारी शेणी थापत बसली होती. तिला झुंबराक्का म्हणतात हे मला नंतर कळलं. आत्तींनी पदर सावरला, नाव सांगितलं, आम्ही बौद्ध हेही सांगितलं आणि पाणी मागितलं.

झुंबराक्कानं मान वरसुद्धा केली नाही. "पावणं, माझं हात शेणानं भरल्यात. सुना रानात गेल्यात. जावा की आत. चुलीच्या डाव्या अंगाला माठ हाय, वर तांब्या हाय. तुमी प्या, आन येताना मलाबी आणा. मगाधरनं घसा वाळून गेलाय."

आत्ती जागच्या हलल्या नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून मी धावत बाहेर आले. त्यांचा एक पाय उंबऱ्याजवळ होता आणि तिथंच थांबला होता. साऱ्या कोल्हापूरला जाब विचारणारी ही बाई, पण कुणाच्या माठात स्वतः तांब्या बुडवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. देणारा कसा देतो हे त्यांना पारखता येत होतं. इथं देणारा कोणी नव्हताच.

"आत जाऊ?" त्यांनी विचारलं. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मग माठ काय चालत भाईर येतोय व्हय?"

आत्ती आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा दोन्ही हातांत घट्ट धरलेला पितळी तांब्या होता आणि ओठ ओले होते. झुंबराक्कानं शेणाचे हात बाजूला धरून तोंड वर केलं. आत्ती वाकून वरून धार सोडायला लागल्या, पण धार चुकली. अर्धं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं.

"अवो, पाणी पाजताय का आंघूळ घालताय?"

आत्ती हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. झुंबराक्कानं खांद्याला तोंड पुसलं आणि मला हाक मारली.

"तू सून न्हवं? हिकडं ये. शेजार कसा येतोय त्ये मीबी बघणारच की. खरं सांग, सासू खाष्ट हाय का तुझी?"

आत्ती माझ्याकडं बघायला लागल्या. साठ वर्षांत परक्या दारात ह्या बाईला कोण, कुठली, एवढंच विचारलं गेलं होतं. स्वभाव कसा आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. माझा ऊर असा काही भरून आला की सारी गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात मी बोलले.

"खाष्ट? लई खाष्ट हायत! लोकांच्या बांधावर राबून लेकाला इंजिनियर केलं. माझं शिक्षण अर्धवट हुतं, तर प्रीतीला पोटाशी बांधून मला कॉलेजला धाडलं. घर घ्यायचं म्हणून अख्खं कोल्हापूर पालथं घातलं. अशी बाई तुमच्या गल्लीत न्हाय, आक्का."

"न्हायच," झुंबराक्का म्हणाली आणि शेणाचा पुढचा गोळा उचलला. "एक पायजेच हुती."

आत्तींनी पदरानं डोळे पुसले आणि ताठ मानेनं शेजारच्या घराकडं निघाल्या. दारात जोतीराम उभा होता, त्याला बाजूला सारलं. इतकी घरं झाली, पण त्या आत शिरल्या त्या याच घरात. सगळ्या खोल्यांतून हिंडल्या, स्वयंपाकघरात थांबल्या, ओट्यावर तळहात ठेवला आणि प्रसेनजीतना म्हणाल्या, "इसार दे मालकास्नी. आन ह्यो ओटा लई बुटका हाय, वर उचलून घे. वाकून वाकून पोरीची कंबर जाईल माझ्या."